विमान तळपद्यांचं, पोथी कोणाची?

मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने वायव्येकडे निघालात, तर तासाभराच्या आत बरका लागतं. मासळीबाजार, खजुराच्या बागा, हलव्याची दुकानं आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मातकट रंगाचा एक किल्ला. माझा मामेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, गेली काही वर्षं या बाजूला राहतो. तो कारखान्यांमध्ये सेन्सर बसवतो. टाकीत पाणी किती आहे, रसायन किती आहे, पंप नको तेवढा थरथरतोय का, हे सगळं तार न ओढता कंट्रोल रूमपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. मी मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेले होते, आणि संध्याकाळी आम्ही दोघं किल्ल्याजवळ चहा पीत बसलो होतो.

तिथे त्याने मला या किल्ल्याची गोष्ट सांगितली. तुम्ही आखातात राहत असाल तर कदाचित ऐकलीही असेल. १७४० च्या दशकात ओमानच्या किनाऱ्यावर इराणी फौजा होत्या. अहमद बिन सईद हा तेव्हा सोहारचा वाली. त्याने इराण्यांशी तह केला आणि त्यांच्या लोकांना इथे, बरक्याला, मेजवानीला बोलावलं. पाहुणे जेवायला बसले. तेवढ्यात किल्ल्यावरून नगारा वाजला आणि पुकारा झाला की, ज्यांचं ज्यांचं इराण्यांशी वैर असेल त्यांनी आत्ताच सूड उगवून घ्यावा. पुढे काय झालं ते सांगायला नको. हाच अहमद पुढे इमाम झाला. आज ओमानवर राज्य करणारं घराणं त्याचंच.

गोष्ट जबरदस्त आहे. मी सवयीने विचारलं, "हे लिहिलंय कोणी?"

पॉडकास्टवर आम्ही सारखे हेच विचारतो, तुम्हाला आता कंटाळा आला असेल. पण या प्रश्नाचं उत्तर इथे खरंच मिळतं. ही गोष्ट आपल्यापर्यंत मुख्यतः इब्न रुझैक नावाच्या ओमानी इतिहासकाराकडून आली. त्याने आल बु सईद घराण्याचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिला, आणि १८७१ मध्ये जॉर्ज पर्सी बॅजर यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. म्हणजे मेजवानी आणि लेखणी यांच्यात सुमारे शंभर वर्षांचं अंतर. शिवाय लिहिणारा विजेत्यांच्या घराण्याची हकिगत लिहीत होता. म्हणून गोष्ट खोटी ठरते असं नाही. इराणी गेले, अहमद इमाम झाला, हे पक्कं आहे. पण नगारा नेमका त्या क्षणी वाजला का, पुकाऱ्याचे शब्द तेच होते का, याबद्दल हात जरा आखडता घ्यावा लागतो.

दादाला हे लगेच पटलं. तो म्हणाला, "आमच्याकडेही असंच. सेन्सरने आकडा दाखवला म्हणून कोणी मानत नाही. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट लागतं. कोणी तपासलं, कधी तपासलं, कशाशी ताडून पाहिलं. कागद नसेल तर आकडा कचऱ्यात."

आणि मग त्याचा फोन वाजला. घरच्या ग्रुपवर मामीचा मेसेज होता, मामी म्हणजे त्याची आई. मेसेज लांबलचक होता, वर तिरंगा, खाली हात जोडलेले. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने गिरगाव चौपाटीवरून विमान उडवलं. ते त्यांनी भरद्वाज ऋषींच्या 'वैमानिक शास्त्रा'वरून बनवलं होतं. त्याच ग्रंथात रडारही आहे, आणि विमानाच्या खास धातूंची कृतीही. इंग्रजांनी सगळं दडपलं. शेवटी दादाला उद्देशून एक ओळ: "तू जे करतोस ते आपल्याकडे आधीपासून होतं रे."

दादा काही बोलला नाही. त्याने फोन माझ्याकडे दिला. म्हणून हा लेख.

हा मेसेज तुम्हालाही आला असणार. बर्लिनमध्ये असा, डॅलसमध्ये असा, सिंगापूरला असा, कोणीतरी मावशी, कोणीतरी काका पाठवतातच. 'हो का' म्हणून सोडून द्यायचं किंवा हसून थट्टा करायची, असे दोनच मार्ग आपल्याला सुचतात. मला दोन्ही आवडत नाहीत. पहिल्यात आपण खोटं बोलतो. दुसऱ्यात आपण मामीशी आणि तळपद्यांशी, दोघांशीही उद्धट वागतो. तर नगाऱ्याला लावला तोच प्रश्न इथे लावून बघू.

आधी पोथी घेऊ. ४ जानेवारी २०१५ ला मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात भरलेल्या १०२ व्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला. ग्रंथ किमान ७००० वर्षांपूर्वीचा, विमानं मागेपुढे आणि डावीउजवीकडे जात, आणि आजच्या रडारवर विमानाचा नुसता ठिपका दिसतो पण प्राचीन यंत्रात विमानाचं रूपच दिसे, असं त्यात सांगितल्याच्या बातम्या आल्या. वर्तमानपत्रांत त्या यंत्राचं नाव 'रूपार्कनरहस्य' असं छापलं गेलं.

हा शब्द मला अडला. संस्कृत म्हणून तो नीट लागत नाही. ग्रंथ उघडला की खरा शब्द सापडतो: 'रूपाकर्षणरहस्य'. वैमानिकाला माहीत असावीत अशी ३२ रहस्यं ग्रंथात दिली आहेत, त्यांतलं हे एक. 'परशब्दग्राहक' हे आणखी एक, म्हणजे शत्रूच्या विमानातलं बोलणं ऐकण्याचं. आता ग्रंथाच्या १९७३ च्या इंग्रजी भाषांतरात जा. रूपाकर्षणाचा अर्थ सांगताना भाषांतरकाराने चक्क फोटोग्राफिक यंत्र आणि टेलिव्हिजन हे शब्द वापरले आहेत. संस्कृतात 'रूप ओढून घेणं', इंग्रजीत टेलिव्हिजन, आणि २०१५ पर्यंत पोचता पोचता रडार. दर टप्प्यावर कोणीतरी थोडंसं लिहिलंय. लेखक एक नाही, बरेच आहेत.

पण मूळ टप्पा कोणता? ग्रंथाचा प्रवास मागे मागे नेला तर असा दिसतो. १९७३ चं संस्कृत-इंग्रजी पुस्तक म्हैसूरच्या जी. आर. जोसियर यांचं. त्याआधी १९५९ मध्ये हिंदी भाषांतरासह एक आवृत्ती निघाली, ती आर्य समाजाच्या वर्तुळातून. तिला आधार होता बडोद्याच्या राजकीय संस्कृत ग्रंथालयातल्या हस्तलिखिताचा. ते तिथे १९४४ पर्यंत पोचलेलं होतं. आणि त्याच्याही मागे पंडित सुब्बराय शास्त्री. १९१८ ते १९२३ या काळात त्यांनी हा मजकूर तोंडी सांगितला आणि वेंकटाचल शर्मा यांनी तो वहीत उतरवला. त्याच्या मागे काही नाही. जुनं भूर्जपत्र नाही, ताडपत्र नाही, दुसऱ्या कुठल्या जुन्या ग्रंथाने या ग्रंथातला उतारा दिलेला नाही.

सुब्बराय शास्त्री कोण होते? त्यांचा जन्म १८६६ च्या सुमाराचा, होसूर भागातला. फार हलाखीत दिवस गेले, आजारपणं आली, भटकंती झाली. कोलारच्या बाजूला एका गुहेत त्यांना गुरू भेटले आणि त्यांच्याकडून हे ज्ञान मिळालं, असं ते सांगत. समाधी लागल्यासारखी होई आणि श्लोक तोंडून येत. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. आपल्याकडे आतून आलेल्या शब्दांचं श्रेय ऋषींना, गुरूंना, देवाला द्यायची रीत जुनी आहे. नामदेव, तुकाराम, एकनाथ यांच्या नावावर नंतरच्या किती जणांचे अभंग आहेत, मोजायला बसलात तर दमाल. स्वतःचं नाव न लावणं हा तिथे विनय असतो. घोटाळा होतो तो पुढे, जेव्हा कोणीतरी त्या विनयालाच कालनिर्णय समजतं.

१९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी हे काम नीट हातात घेतलं: एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू. 'सायंटिफिक ओपिनियन' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विमानविद्या शिकवणाऱ्या लोकांनी आधी ग्रंथ कोणाचा हे शोधलं आणि मग तो उडेल का हे बघितलं, हा क्रम मला फार आवडतो. ते शास्त्र्यांच्या दत्तक मुलाला भेटले. हस्तलिखितं कुठून कुठे गेली ते पाहिलं. मग भाषेकडे वळले.

भाषेचा मुद्दा जरा सावकाश बघू, कारण लेखक कोण हे ठरवण्याचं खरं हत्यार तेच. संस्कृत म्हणजे सगळं एकसारखं जुनं, असं आपल्याला शाळेतल्या सुभाषितांमुळे वाटतं. तसं नाही. वेदांच्या भाषेत स्वर आहेत, उपसर्ग क्रियापदापासून सुटून लांब जातात, 'लेट्' नावाचा एक लकार आहे जो पुढच्या संस्कृतातून नाहीसा झाला. जसं ज्ञानेश्वरीतलं मराठी आणि आजच्या पेपरातलं मराठी शेजारी ठेवलं की तज्ज्ञ नसलेल्यालाही फरक कळतो, तसंच. 'वैमानिक शास्त्रा'तले श्लोक सरळसोट अनुष्टुभात आहेत, आणि भाषा सोपी, अलीकडची. वेदकाळाची एकही खूण तिच्यात नाही. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की मजकूर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला, आणि तो सुब्बराय शास्त्र्यांचा.

एक आडवळण घेते, कारण योगायोग मजेदार आहे. अशाच भाषेच्या खुणांवरून मराठीतही मोठा वाद झाला होता. एकोणिसावं शतक संपता संपता 'सुधारक' पत्रात एका लेखकाने मांडलं की, ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि विठ्ठलाचे अभंग लिहिणारे ज्ञानदेव एक नव्हेत. अभंगांची भाषा नंतरची वाटते, आणि अभंगांत पानोपानी असलेला विठ्ठल ज्ञानेश्वरीत दिसत नाही, हे त्यांचे मुद्दे. खूप गदारोळ झाला, आणि सगळ्यांना पटेल असं उत्तर अजूनही नाही. या लेखकाचं नाव शिवराम एकनाथ भारदे. लिहायचे मात्र टोपणनावाने. टोपणनाव काय, तर 'भारद्वाज'!

परत बंगळूरला. ग्रंथातल्या आकृत्यांचं काय? त्या १९२३ मध्ये शास्त्र्यांच्या सांगण्यावरून एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढल्या. तो बंगळूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात नोकरीला होता. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी चार विमानं. त्यांत दंडगोल, पंखे, बॉयलरसारखी यंत्रं दिसतात, म्हणजे १९२३ च्या ड्राफ्ट्समनच्या रोजच्या बघण्यातल्या वस्तू. जेट इंजिन मात्र दिसत नाही. श्लोकांतली वर्णनं आणि आकृत्या यांचाही मेळ बसत नाही. आणि उडण्याचं म्हणाल तर पाचही जणांनी आकडे घालून बघितले: आकार असे की हवेत टिकणार नाहीत, आणि पुढे ढकलण्याच्या ज्या युक्त्या दिल्यात त्या विमानाला उलट अडवतील. रुक्म विमानात पंख्यांनी वरून हवा ओढून नळ्यांतून खाली सोडायची कल्पना आहे, ती त्यातल्या त्यात बरी, पण दिलेल्या मापांवर तीही बसत नाही.

धातूंचं तसंच. ग्रंथ 'राजलोह' वगैरे मिश्रधातू सांगतो, नावं भारदस्त आहेत. पण तापमान किती, प्रमाण कसं मोजायचं, भट्टीतून काढल्यावर धातू बरोबर झाला हे ओळखायचं कसं, हे नसेल तर कारखान्यात त्याचा उपयोग नाही. दादाच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन नाही, नुसतं ब्रोशर आहे.

आणि रडार? इथे दादा खुर्चीत पुढे सरकला, कारण हा त्याचा प्रांत. तो टाक्यांवर जे सेन्सर बसवतो ते रडारच असतात. टाकीच्या छतावरून सूक्ष्म लहर खाली सोडायची, ती द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परत येते, आणि तिला किती वेळ लागला यावरून पातळी काढायची. लहरीचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. टाकी १० मीटर खोल असली तर जाऊन येऊन २० मीटर, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचे साधारण ६७ भाग. एवढासा वेळ थेट घड्याळ लावून मोजत नाहीत. लहरीची वारंवारता सतत थोडी थोडी बदलत ठेवतात आणि गेलेल्या-आलेल्या लहरींतल्या फरकावरून अंतर काढतात. दादा म्हणाला, "रडारची मेख प्रतिध्वनीत नाही, वेळ मोजण्यात आहे." १९०४ मध्ये जर्मनीत क्रिस्तियान ह्युल्समायर यांनी कोलोनला नदीवरची बोट लहरींनी ओळखून दाखवली आणि पेटंट घेतलं. पण त्यांच्या यंत्राला अंतर मोजता येत नव्हतं. ते साधायला १९३० चं दशक यावं लागलं. 'रूपाकर्षण' या शब्दात लहर कशी निर्माण करायची, कशी पकडायची, वेळ कसा मोजायचा, यातलं काहीच नाही. शिवाय आजचं रडार नुसता ठिपका दाखवतं हेही खरं नाही. रूप दाखवणारी रडारं कधीचीच आहेत.

आता तळपदे. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

शिवकर बापूजी तळपदे खरे होते. जन्म १८६४, मुंबईचा, पाठारे प्रभू कुटुंबातला. राहणं चिराबाजारच्या बाजूला, म्हणजे गिरगाव चौपाटी चालत जाण्याच्या अंतरावर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंध. मुंबईत १८७५ मध्ये आर्य समाज स्थापन झाला होता, आणि दयानंद सरस्वतींनी 'ऋग्वेदादिभाष्यभूमिके'त वेदमंत्रांमध्ये नौका आणि विमानं यांची विद्या आहे असा अर्थ लावला होता. तळपदे त्या विचाराने भारले. त्यांनी वेदांवर मराठीत लिहिलं, विमानाचे प्रयोग केले, आणि 'प्राचीन विमानकलेचा शोध' नावाची पुस्तिका १९०७ मध्ये काढली. कारकुनीची स्वप्नं पाहणाऱ्या मुंबईत एक माणूस स्वतःच्या खर्चाने उडायचं यंत्र करू बघतो, हे मला तरी कमी वाटत नाही.

दंतकथा मात्र याच्या पलीकडे जाते. १८९५, चौपाटी, 'मरुत्सखा' नावाचं माणूस नसलेलं विमान, १५०० फूट उंची, प्रेक्षकांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड, आणि 'केसरी'त बातमी. एकेक कागद मागून बघा. 'केसरी' तेव्हा निघत होता, टिळक संपादक होते. इतकी मोठी बातमी असेल तर अंकाची तारीख सांगता यायला हवी. मी पाहिलेल्या एकाही लेखात ती नाही. 'केसरीने छापलं' असं दुसरा लेखक म्हणतो, तिसरा दुसऱ्याचा हवाला देतो, आणि साखळीच्या टोकाला अंक नाही.

दुसरी अडचण तारखांचीच. तळपद्यांनी १८९५ मध्ये ज्या ग्रंथावरून विमान केलं म्हणतात, तो शास्त्र्यांनी लिहून घ्यायला सांगितला १९१८ ते १९२३ मध्ये. तोवर तळपदे या जगात नव्हते. त्यांचं निधन १९१६-१७ च्या सुमाराचं. हस्तलिखित नव्हतं पण शास्त्री त्यांना भेटले होते, असं कोणी म्हणेल, आणि ते शक्यही आहे. बंगळूरच्या निबंधात शास्त्र्यांच्या चरित्राच्या आधारे तेही आलंय: तळपद्यांनी शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखाली नमुने करून पाहिले. पण त्याच ठिकाणी पुढे आहे की त्यांतला एकही उडाला नाही. हे सांगणारे टीकाकार नव्हेत, शास्त्र्यांच्याच बाजूचे लोक आहेत. स्वतःच्या बाजूला गैरसोयीचं असं कोणी सांगतं, तेव्हा इतिहासकार कान टवकारतो.

१७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं पहिलं उड्डाण झालं तेही बारा सेकंदांचं आणि १२० फुटांचं. बस. पण फोटो आहे, पाच साक्षीदारांची नावं आहेत, घरी पाठवलेली तार आहे. तरीसुद्धा त्यांच्याच देशातली स्मिथसोनियन संस्था बरीच वर्षं आपल्या माजी प्रमुखाच्या, लँग्लींच्या, विमानाला मान देत राहिली. रागावून ऑर्व्हिल राइट यांनी आपलं विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवलं, ते परत आलं १९४८ मध्ये. श्रेयाची भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं समजू नका.

इथपर्यंत मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आईला सांगायचं की आपलं काहीच नाही?"

हा प्रश्न खरा होता. आणि त्याचं उत्तर त्याच वर्षात आहे, १८९५ मध्ये.

त्या वर्षी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. मधे भिंती होत्या, तारा नव्हत्या, आणि अदृश्य लहरींनी लांबच्या खोलीतली घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. बोस ज्या लहरींवर काम करत होते त्यांची लांबी काही मिलिमीटर होती, वारंवारता ६० गिगाहर्ट्झपर्यंत. दादाच्या टाक्यांवरचे अनेक सेन्सर आज ८० च्या आसपास चालतात. तुमच्या गाडीच्या बंपरमध्ये रडार असेल तर तो ७७ ला. म्हणजे 'तू करतोस ते आपल्याकडे आधीपासून होतं' हे मामीचं वाक्य पूर्ण चुकीचं नाहीये. फक्त ऋषी चुकलेत आणि गाव चुकलंय.

आणि इथे कागद आहेत. २७ एप्रिल १८९९ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत बोसांचा एक निबंध वाचला गेला. लहर ओळखणारं यंत्र, ज्याला तेव्हा कोहिरर म्हणत, एकदा लहर आली की गोठून बसायचं, टिचकी मारून परत जागेवर आणावं लागायचं. बोसांनी आपोआप पूर्ववत होणारा प्रकार दाखवला. त्यात लोखंड आणि पारा यांचा स्पर्श होता, आणि ऐकायला टेलिफोन. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनींनी अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला, तो पाऱ्याच्याच कोहिररवर आणि टेलिफोनवर. ते यंत्र त्यांना इटालियन नौदलातले त्यांचे मित्र लुइजी सोलारी यांनी दिलं होतं. लवकरच इटलीत भांडण लागलं: यंत्र सोलारींचं नाही, पाओलो कास्तेल्ली नावाच्या नौदलातल्या सिग्नलवाल्याचं आहे. सोलारींनी शेवटी खुलासा केला की कल्पना आपल्याला एका इंग्रजी प्रकाशनात वाचून सुचली, पण ते कुठलं हे आता सापडत नाही.

ते कुठलं असेल, याचा माग लागायला जवळजवळ एक शतक गेलं. १९९८ मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय यांनी आयट्रिपलईच्या नियतकालिकात हा सगळा पत्रव्यवहार आणि जुने निबंध शेजारीशेजारी मांडले, आणि निष्कर्ष काढला की मूळ रचना बोसांच्या १८९९ च्या निबंधातली आहे. इथेही मी हात थोडा आखडता घेईन: सोलारींनी तोच निबंध वाचला, असं त्यांच्या हातचं पत्र नाही. पण रचना तीच, तारीख आधीची, निबंध छापील आणि सगळ्यांना मिळणारा. इब्न रुझैकच्या नगाऱ्यापेक्षा हा पुरावा पुष्कळ मजबूत आहे.

गंमत म्हणजे पेटंट घ्यायला बोस नाखूश असत. अमेरिकेतलं एक पेटंट त्यांच्या मित्रमंडळींच्या आग्रहामुळे झालं, ते मंजूर झालं १९०४ मध्ये. याच्या अगदी उलट स्वभावाचा आपला माणूस बघायचा असेल तर शंकर आबाजी भिसे बघा. जन्म १८६७, मुंबई. तळपद्यांपेक्षा फक्त तीन वर्षांनी लहान, शहर तेच. छपाईचे खिळे भराभर ओतणारं यंत्र त्यांनी बनवलं, लंडनला गेले, दादाभाई नवरोजींनी पाठीशी उभं राहून मदत केली, सर रतन टाटांनी पैसा घातला. धंदा फारसा जमला नाही, मग न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पेटंटांच्या फायली आजही उघडून वाचता येतात, आकृत्यांसकट. आपल्या ग्रुपवर भिशांचा मेसेज कधी आलाय का तुम्हाला? मला नाही आला.

तळपद्यांच्या बाबतीत नेमकं हेच नुकसान झालंय. चौपाटीवरच्या १५०० फुटांनी त्यांचा खरा उद्योग झाकून टाकला. त्यांच्या नावावर २०१५ मध्ये हिंदी सिनेमाही निघाला, पण १९०७ च्या पुस्तिकेत त्यांनी स्वतः काय लिहिलंय, कुठल्या मंत्राचा काय अर्थ लावलाय, यंत्राबद्दल काय म्हटलंय, ते वाचून कोणी मेसेज लिहीत नाही. लेखक म्हणून त्यांचे स्वतःचे शब्द आहेत, आणि आपण त्यांच्या तोंडी दुसऱ्यांचे शब्द घालतोय.

त्या रात्री आम्ही मामीला फोन केला. दादाने सरळ माझ्याकडे दिला, नेहमीप्रमाणे. मी तिला पोथीचं सांगितलं, वहीचं सांगितलं, केसरीच्या तारखेचं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मग तळपदे खोटं बोलले का गं?"

"नाही मामी. हा मेसेज त्यांनी लिहिलेलाच नाहीये. त्यांनी प्रयत्न केला एवढं नक्की."

"आणि ते ऋषींचं?"

"ते एका गरीब शास्त्र्यांचं. शंभर वर्षांपूर्वीचं."

ती गप्प झाली. तिला वाईट वाटलं होतं हे कळत होतं, आणि मलाही बरं वाटत नव्हतं. मग मी तिला बोसांची गोष्ट सांगितली, घंटा, दारू, पारा, इटालियन मित्र, सगळं. शेवटी म्हटलं की दादा टाकीवर जे बसवतो ना, ते तिथून सुरू होतं.

"हे छापलेलं आहे?"

"आहे. तारखेसकट."

"मग ते पाठव. तेच टाकते ग्रुपवर," मामी म्हणाली. "आणि त्याला सांग, येताना बरक्याचा हलवा आण म्हणावं. मागच्या वेळचा मस्कतच्या विमानतळावरून घेतला होता, खोक्यावर लिहिलेलं होतं."